ताडदादाची सीट

पायवाल्या महाराजांनी चिमणीला पार्सलं निवडायच्या लांब टेबलावर पालथं झोपवलं, तेव्हा कुरिअरच्या गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. सायकलवरून पार्सलं पोहोचवणारे झाडून सगळे होते, मुकादम होता, शेजारच्या छापखान्यातले रिकामटेकडेही होते. महाराज लोकांच्या पायांची पीडा काढत, म्हणून ते पायवाले. स्वतः मात्र ते रिक्षातून आले होते.

"पाऊल मागे ताण," महाराज म्हणाले. "बोटं आवळ. अजून आवळ. तो येतोय."

आणि तो आला. चिमणीच्या पोटरीत गोळा उठला, अगदी मागच्या रांगेलासुद्धा दिसला. ती किंचाळली. महाराजांनी छताकडे बघून कुणाला तरी सज्जड दम भरला आणि दोन्ही हातांनी तिचं पाऊल नडगीकडे दाबलं. गोळा विरघळला. गर्दीने हात जोडले. मुकादमाने तर डोळेही मिटले.

"तो" म्हणजे ताडदादा. गोदामातला सगळ्यात उंच सायकलवाला, गेल्या वर्षी उतारावरच्या अपघातात गेला. त्याच्या बायकोने त्याची सायकल चिमणीला दिली. गोदामात काम स्वतःची सायकल असेल त्यालाच मिळायचं, त्यामुळे ती सायकल म्हणजेच चिमणीची नोकरी होती. आता चिमणी हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. ताडदादाच्या सीटवर बसली की तिचे पाय पायडलला जेमतेम पोहोचायचे. पण ती सीट खाली करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. गेलेल्या माणसाची सीट, तिला हात कसा लावायचा? त्याला काय वाटेल? म्हणून बाई दिवसभर बोटांच्या टोकांनी पायडल मारायची, आणि झोप लागली की पोटरी कुणीतरी मुठीत पिळल्यासारखी आखडायची.

महाराजांनी निदान केलं: सीट ही त्याची गादी, तिच्यावर दुसरं कुणी बसतं म्हणून तो येऊन पाय धरतो. गादीला हात लावाल तर खबरदार. मग त्यांनी चिमणीच्या गुडघ्याखाली काळा दोर करकचून आवळला आणि बजावलं, हा सुटला तर पाय गेला.

तेव्हापासून चिमणीच्या जिवात जीव नव्हता. गोळे थांबले नाहीतच, वर दोराखालचं पाऊल गार पडायला लागलं आणि बोटं काळपट दिसू लागली. रात्र झाली की ती अंथरुणाकडे जायचंच टाळायची. एरवी दुकानदाराशी तावातावाने भांडणारा नवराही आता दिवा मालवायला तयार नव्हता. तिला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटायची, तर दादाच्या रागाची. याच दादाने तिला गल्लीबोळ दाखवले होते, कुत्री कुठे अंगावर येतात ते सांगितलं होतं. आपण त्याचं काय वाईट केलं, हेच तिला उमगत नव्हतं.

गोळे थांबत नाहीत म्हटल्यावर महाराजांनी शेवटचा उपाय काढला. सायकलच त्यांना अर्पण करायची, म्हणजे तो सायकलीपाठोपाठ निघून जाईल. चिमणीने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. सायकल दिली तर नोकरी जाणार, नाही दिली तर पाय. नवरा म्हणाला, देऊन टाक.

त्याच संध्याकाळी नवऱ्याची थोरली बहीण आली. शाळेत मुलांना खेळ शिकवायची, आवाज असा की अख्खं मैदान जागच्या जागी थांबावं. तिने चिमणीचं पाऊल बघितलं आणि कात्री मागितली. चिमणीने पाय पोटाशी घेतला.

"ताई, नको. माझा पाय जाईल."

"पाय दोरानेच जाईल, चिमणे. रक्त अडलंय बघ."

चिमणी ऐकेना. शेवटी ताईने दोराखाली दोन बोटं सरकवून तो जरासा ढिला केला, सोडला मात्र नाही, आणि उद्या मीही येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोदाम पुन्हा भरलं. सायकल पुसून दाराशी उभी होती. महाराज हात पुढे करणार, एवढ्यात ताईने आडवी येऊन विनंती केली की दादा जायच्या आधी त्याला एकदा माझ्या पायात बोलवा. महाराज गालात हसले. तुम्ही त्याच्या गादीवर कधी बसला नाहीत, तो तुमच्याकडे कशाला येईल?

"मग मीच बोलावते," ताई म्हणाली आणि टेबलावर पालथी पडली. पाऊल मागे ताणलं, बोटं आवळली, आणखी आवळली. तिच्या पोटरीत तस्साच गोळा उठला. चेहरा वाकडा झाला, तरी तिने पाऊल स्वतःच नडगीकडे ओढलं. गोळा गेला.

मग तिने मुकादमाला झोपवलं. जन्मात सायकलवर न बसलेला तो गडी "आई गं" म्हणून असा बोंबलला की छापखानेवाले हसले.

"आता महाराज, तुम्ही."

महाराजांना एकाएकी कुठलंसं काम आठवलं. रिक्षा बाहेर उभीच होती.

ताईने सगळ्यांना समजावलं. स्नायू आखूड झालेला असताना आणखी आवळला की गोळा येऊ शकतो, ताणला की सुटतो. महाराज एका हाताने तो आणत होते आणि दुसऱ्याने घालवत होते. चिमणी दिवसभर टाच उचलून पायडल मारते, पोटरी थकते. झोपेत पावलं खाली झुकतात, पांघरूण घट्ट खोचलं असेल तर आणखीच. सीट आपल्या मापाची करा, वाटेत पाणी प्या, झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. तरीही थांबलं नाही, पाय सुजला, तर डॉक्टर गाठा. "गोळा दर वेळी का येतो, हे डॉक्टरांनाही पुरतं माहीत नाही," ती म्हणाली. "पण जे कळलं नाही, त्या जागी भूत नेऊन बसवू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या, चिमणीने नाही. ती अजून दोराकडेच बघत होती. मग तिने टेबलावरची कात्री घेतली, डोळे गच्च मिटले आणि दोर कापला. पाय जागेवरच होता. पावलात झिणझिण्या आल्या, मग ऊब आली. ती खाली बसून हमसून हमसून रडली.

सीटचा नट गंजलेला होता, तिने पाना लावून तो स्वतःच फिरवला. त्यानंतर रात्री एकदोनदा पोटरी ओढली गेली, तेव्हा तिने पाऊल वर ताणलं आणि कूस बदलली. नवऱ्याला उठवलंही नाही.

पुढे एकदा कामावर नव्याने लागलेली एक बाई तिला बाजूला घेऊन कुजबुजली, "माझ्याही पायात गोळे येतात. तोच येत असेल का गं?"

"ताडदादा गेला," चिमणी म्हणाली. "जिवंतपणी कुणाला टाकून बोलला नाही तो. त्याच्यासाठी रडायचं सोडून आपण त्यालाच भ्यायलो. दाखव, तुझी सीट किती उंच आहे?"