अंड्यावरची फुली

माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या शिंप्याची सावली वितळून गटारात वाहून गेली, हे सगळीकडे मीच सांगत फिरलो होतो. पण आज सांगतोय त्यात एक शब्द पदरचा नाही. पदरचं घालायचं ते तेव्हाच घालून बसलो.

माझा थोरला भाऊ, दादा, घड्याळं दुरुस्त करायचा. लोकांनी घड्याळं बांधायची सोडली तसे त्याने साप पाळायला घेतले. कॉर्न स्नेक म्हणतात त्यांना. बिनविषारी, उंदरांवर जगणारे. त्यातली त्याची लाडकी मादी बिनखवल्यांची होती. बारा वर्षांची, म्हणून नाव म्हातारी. पाठीवरून बोट फिरवलं की कानाच्या पाळीसारखी मऊ लागायची. वहिनी दारातूनच म्हणायची, "सवत आणली, तीही उघडीवाघडी!"

दादाला म्हातारीसारखं एक पिल्लू हवं होतं. पहिल्या खेपेची सगळी पिल्लं खवल्यांची निघाली. "आईचा गुण अंगात दडून बसलाय त्यांच्या," दादा म्हणाला. त्यातला एक नर त्याने चार वर्षं वाढवला आणि म्हातारीजवळ सोडला. आता निम्मी तरी तिच्यासारखी व्हायची. म्हातारीने नऊ अंडी घातली. या वयात ती शेवटचीच. दादाने ती ओलसर शेवाळाच्या डब्यात मांडली, प्रत्येकाच्या वरच्या अंगाला पेन्सिलीने फुली केली, आणि पाचव्या दिवशी त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला.

इस्पितळात नेताना तो वहिनीला म्हणाला, "ती अंडी..."

"मला अंडी शिकवता?" वहिनी म्हणाली. खोटं नव्हतं. तिची एकतीस वर्षं कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात गेली होती.

दुसऱ्या दिवशी दादाने मला खाटेजवळ बोलावलं. "तिला सांग, अंडी हलवायची नाहीत. फुली कायम वर. कोंबडीसारखं नसतं ते."

एवढाच निरोप. पोस्टमनने पोचवला असता तर नऊ जीव वाचले असते. पोचवला मी.

वहिनी चहा गाळत होती. मी म्हणालो, "अंडी हलवू नका हं वहिनी. हलवलं की पिल्लू आत उलटं होतं, मग जन्मभर शेपटीकडून चालतं. एका बाईने हलवली होती. तिचा साप निघायचा पुढे नि पोचायचा मागे. शेवटी वैतागून त्याने स्वतःलाच पत्ता विचारला!"

ती इतकी हसली की गाळणं हातातून सुटलं. दादा घरातून गेल्यापासून पहिल्यांदा हसली, म्हणून मी गोष्टीत आणखी एक साप सोडला.

"पुरे हो भावजी! तुमचं आपलं काहीतरीच."

खरं कुठलं आणि फोडणी कुठली, हे सांगायचं राहूनच गेलं.

तीन आठवड्यांनी गेलो तर ती डब्यापुढे बसलेली. हात कोपरापर्यंत धुतलेले. झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसं एकेक अंडं अलगद फिरवत होती.

"दिवसातून तीनदा फिरवते," ती म्हणाली. "फुली करून गेलेत, त्यामुळे बाजू चुकत नाही. आमच्याकडेही फुलीच करायचो. न फिरवलं तर पिल्लू कवचाला चिकटून मरतं."

कोंबडीचं मरतं. सापाचं पिल्लू चिकटूनच जगतं. अंडं फिरवलं की आतल्या आत गुदमरतं. अंडी पिवळी पडून खचली होती.

"जरा बसल्यासारखी वाटतात. सापाची अशीच असतात ना?"

"अशीच असतात," मी म्हणालो.

दोन महिने भरत आले तेव्हा दादाने विचारलं. ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागायचा.

"फुटली?"

"फुटली की! आठ खवल्यांची, आणि एक अगदी म्हातारीसारखं. औषधाला खवला नाही. पाठीला नाही, पोटाला नाही."

"पोटाला असतात रे. नाहीतर सरकेल कसं?"

मी त्याची उशी सारखी करायला लागलो.

"फिरवली तिने?"

"मी निरोप नीट दिला नाही, दादा."

"तू काय नीट दिलंस आजवर?" तो हसायला गेला आणि खोकला. धाप ओसरल्यावर म्हणाला, "तिला सांग, नरात दोष होता. अंडी पहिल्यापासून पोकळ. आणि हे एवढं तरी साधं सांग. साप बोलायला लावू नकोस."

तिसऱ्या दिवशी दादा गेला.

पंधरवड्याने मी वहिनीला सांगितलं. साधं सांगितलं. ती म्हातारीच्या पेटीतलं पाणी बदलत होती.

"भावजी, पहिल्याच आठवड्यात मी ती बॅटरीच्या उजेडावर धरून बघितली होती. नवाच्या नवात लाल शिरा होत्या. पोकळ अंड्यात शिरा नसतात." वाटी ठेवून ती म्हणाली, "मला अंडी शिकवता?"

तिने ओले हात पदराला पुसले.

"त्यांना कळलं होतं?"

"नाही. मी सांगितलं, एक म्हातारीसारखं निघालं. पाठीला खवला नाही, पोटाला नाही."

"आणि तुमच्यावर विश्वास ठेवला त्यांनी?"

"ठेवला."

तिने पेटीत हात घातला, बारा वर्षांत पहिल्यांदा. म्हातारी ऊब शोधत तिच्या मनगटाला वळसा घालून वर सरकली. वहिनीने बोटाने तिचं पोट चाचपलं.

"खाली आहेत की हो हिला खवले," ती म्हणाली.