आळीचं एकच घर

पाहुण्यांबरोबर आलेला धर्माजी उंबरठा ओलांडून आत आला आणि शहाबादी फरशीकडे बघतच राहिला.

"हे तं बुधाजीचं घर!" तो म्हणाला. "गेल्या म्हयन्यात त्याच्या मैनाला बगाया आलतो, तवा हितंच बसलो व्हतो."

चंद्राबाईच्या हातातला पाण्याचा तांब्या हातातच राहिला.

उरणच्या या मिठागरवाल्यांच्या आळीत सगळी घरं कुडाची. पक्क्या भिंतीचं एकच, चंद्राबाईचं. स्वातंत्र्य आलं त्या साली तिच्या नवऱ्याने, नामाने, मुंबईच्या गोदीत हाडं झिजवून ते बांधलं आणि दोन पावसाळेसुद्धा त्यात न राहता बिचारा गेला. तेव्हापासून दहा-अकरा वर्षं आळीतल्या प्रत्येक मुलीला पाहुणे याच घरात बघून गेले. त्या दिवशी मुलीची आई घरमालकीण व्हायची आणि चंद्राबाई खुशाल मिठागरावर निघून जायची. लग्न लागल्यावर कळलं तर कळलं; सासरचे चार दिवस फुगून बसत आणि गप्प होत. लबाडी होती खरी, पण अख्ख्या आळीची, म्हणून तिची कुणाला लाज नव्हती.

आज मात्र पाहुणे चंद्राबाईच्याच ठमीला बघायला आले होते. स्थळ चांगलं, ठमीचं वय उलटत चाललेलं. आणि मैनाचं लग्न ठरलं असलं तरी अजून लागायचं होतं; धर्माजीकडून खरं तिच्या सासरी कळलं तर ते मोडलंच असतं. मदतीला आलेली मैनाची आई, बुधाजीची बायको रंगू, दारातच उभी होती.

"मंग बाय, घर नक्की कुनाचं?" मुलाचा बाप चांगदेव म्हणाला.

घर माझं, एवढंच म्हणायचं होतं. खरंच होतं ते. चंद्राबाईने नामाने उभ्या केलेल्या भिंतीकडे एकदा पाहिलं.

"रंगूचंच हाय," ती म्हणाली. "माजं समोरचं. तिथं चार मानसं मावत न्हाईत, म्हून हे मागून घेतलं."

"मंग तुमचंच दावा की," म्हणत चांगदेव उठला.

समोरच्या, रंगूच्या कुडाच्या घरात पाहुणे वाकून शिरले. चंद्राबाई घोंगडी शोधू लागली. आयुष्य शेजारात गेलं तरी दुसरीच्या घरात हात कुठे घालावा ते कळेना. चांगदेव छपरातल्या भोकांकडे बघत होता. त्याचं तोंड बघूनच चंद्राबाई काय ते समजली. ठमीही समजली.

मागून रंगू आली. स्वतःच्याच दाराशी थांबली, डोळे पुसून तिने पदर सावरला.

"चंद्राबाय," ती म्हणाली, "आत येऊ का?"