झिजलेला ‘ना’

साहेब, जिवंत माणसाला भेटायला मुलांना रजा नाही आणि मेलेल्याला पोचवायला आहे, हा नियम तुम्ही केलात. सही तुमची. त्या सहीपायी तेवीस वर्षं तोंड काळं करून घेतलं ते मात्र मी.

मित्रांनो, दचकू नका. मी कुणी पुढारी नाही. मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडी मूठ, पितळी कडी आणि तळाला लांबट चौकटीत एकच शब्द : नामंजूर.

एका अरुंद दुकानात, एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून बसणाऱ्या शिक्केवाल्याने मला घडवलं. शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात. त्यामुळे आपण काय बोलतो हे मला कागदावर उमटल्यावरच कळतं. तोवर बोलून झालेलं असतं. त्याच दिवशी माझा जुळा भाऊही जन्मला. त्याची चौकट गोल आणि शब्द ‘मंजूर’. आम्हा दोघांत फरक एका अक्षराचा. शिक्केवाला आपल्या बायकोला म्हणाला, “एवढासा ना, पण वजन बघ त्याचं. दोघांत हाच जास्त खपतो.”

आम्हाला एका शाळेच्या कार्यालयात नेलं. तिथे रजेचे अर्ज यायचे. अर्जावर कारणाचे तीन रकाने होते : आजारपण, घरातील मृत्यू, इतर. पहिल्या दोनांवर माझा भाऊ, तिसऱ्यावर मी. तळाला शिक्षणखात्याच्या साहेबांच्या सहीने छापलेलं होतं की शाळा चालू असताना परदेश प्रवासाला, घरातील मृत्यू वगळता, कोणत्याही परिस्थितीत परवानगी मिळणार नाही. परवानगीवाचून दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिल्यास पटावरून नाव कमी.

खरं सांगतो, सुरुवातीला मला नियम पटला होता. शाळा बुडवून फिरायला गेलेल्या मुलांचे अपूर्णांक कच्चे राहतात आणि मग वर्षभर कच्चेच राहतात. वर्गातल्या बाईंना त्यांच्यासाठी मधली सुट्टी घालवावी लागे. ते मी पाहिलंय. त्या दिवसांत माझं कौतुकही फार झालं. तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, “ठसा असा हवा! लांबून वाचता येतो.” मी आठवडाभर फुगून बसलो होतो.

मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. हुशार पालक ‘इतर’वर खूण करतच नसत. ते ‘आजारपण’वर करत आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडत. पोटाचा विकार, घशाला सूज, डोळे आलेत. दोन आठवड्यांनी पोरं परतायची ती नाकं उन्हाने सोललेली, नवी पादत्राणं घातलेली आणि कार्यालयाला खाऊचा डबा घेऊन. सोबत एखादं चुंबक. आमच्या लोखंडी कपाटावर अशी चुंबकं गच्च चिकटलेली होती : कुठला पूल, कुठला मनोरा, कुठला उंट. कारकूनकाका त्यांच्याकडे बघून म्हणायचे, “आपल्या शाळेची पोरं आजारी पडली की विमानाशिवाय बरीच होत नाहीत!” मोठ्या बाई ऐकू न आल्यासारखं करायच्या. खाऊ मात्र खायच्या.

म्हणजे खोटं बोललं की माझा भाऊ, खरं बोललं की मी.

हेही मी गिळलं असतं. पण मग दोन जुळ्या बहिणींचा अर्ज आला. त्यांचे आजोबा परदेशात मुलीकडे अंथरुणाला खिळले होते. ‘आजोबांना भेटायचे आहे’ असं त्यांच्या आईने निळ्या शाईने लिहिलं. रकाना ‘इतर’. कारकूनकाकांनी मला उचललं आणि दाबलं. एकोणीस दिवसांनी तीच निळी शाई, तेच अक्षर, तेच आजोबा. रकाना तेवढा बदलला होता : घरातील मृत्यू. या वेळी माझ्या भावाला उचललं. काकांनी दोन्ही कागद एकाच टाचणीत अडकवले. चहा निवला तरी त्यांनी तो प्यायला नाही.

त्यानंतर ते मला दाबताना अंगठ्याने ‘ना’च्या बाजूला जास्त जोर द्यायचे. राग कुणावर होता देव जाणे, पण जोर तिथेच. आणि मित्रांनो, ज्या अक्षरावर जास्त जोर देतात ते आधी झिजतं. माझा ‘ना’ फुटू लागला, एका बाजूने सुटू लागला, शेवटी नखाएवढ्या तुकड्यावर लोंबू लागला. नवा शिक्का मागवला होता. तो येईपर्यंत मीच.

अशात एके सकाळी भिंगरी आली. वय वर्षं नऊ. एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून हे नाव. सोबत आई, शिवणकाम करणारी. बोटांना सुयांची भोकं. भिंगरीचा बाप दूरदेशी जहाजांच्या गोदीत वेल्डर होता. तीन वर्षं घरी आला नव्हता. कंपनी तीन वर्षांतून एकदा कुटुंबाला तिकडे बोलवायची, चौदा दिवसांसाठी, आणि तारखा कंपनीच्या. दोन जहाजांच्या मध्ये गोदी रिकामी होईल तेव्हाच. शाळेला सुट्टी कधी असते हे जहाजांना कोण सांगणार?

काकांनी अर्ज वाचला आणि आवाज खाली आणला. “वहिनी, आजारपणावर खूण करा. पोट दुखतंय म्हणा.”

“तिचं पोट दुखत नाही हो, भाऊ.”

“कुणाचंच दुखत नसतं, वहिनी. तिकीट दाखवलं की दुखायला लागतं.”

ती हसली नाही. “खोटं लिहून तिला बापाकडे नेऊ? तो पहिलं विचारेल, शाळेत काय सांगून आलीस? मग पोरीने काय सांगायचं?”

“अहो, नाव कमी होईल तिचं. चाळीस मुलं रांगेत उभी आहेत.”

“म्हणून तर विचारायला आले. न विचारता गेले असते तर गोष्ट वेगळी.”

तेवढ्यात भिंगरीने टेबलावर हनुवटी टेकवली. “काका, तुम्ही उभे राहा ना.”

“का गं?”

“राहा ना!” ते उभे राहिले. ती मान वर करून त्यांना वरपासून खालपर्यंत निरखत राहिली. “आई, बाबा एवढेच उंच आहेत ना? की थोडे जास्त?”

आईने पदराची कड बोटाला गुंडाळली. पोरीला बापाचा आवाज फोनवरून पाठ होता. उंची विसरली होती.

मित्रांनो, तेवीस वर्षं मी समजत होतो की ‘ना’ म्हणजे नाही. या पोरीच्या तोंडात ‘ना’ म्हणजे हात धरून ओढणं होतं. माझंच अक्षर, आणि मला त्याचा हा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता.

मोठ्या बाई आतून आल्या. “नियम म्हणजे नियम. माझ्या हातात काही नाही.” त्यांनी नोंदवहीत ‘नामंजूर’ लिहिलं, “शिक्का मारून देऊन टाका,” म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या.

काकांनी मला उलटं धरलं. अक्षरांत साचलेली शाई काढायला ते टाचणी वापरत. त्या दिवशीही टाचणी घेतली. ‘ना’पाशी ती थांबली. मग तो तुकडा टेबलावर पडला, डाळीच्या सालाएवढा. पडला की पाडला, हे मला विचारू नका. साहेबांनीही विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही. काकांनी मला शाईवर टेकवलं आणि अर्जावर दाबलं.

भिंगरीने मोठ्याने वाचलं. “मं...जू...र. आई, मंजूर!”

आईने कागद हातात घेतला, पुन्हा वाचला आणि काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “निघा वहिनी. जाऊन या.”

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला हसताना पाहिलं, आणि कारण मी होतो.

चौथ्या दिवशी साहेब तपासणीला आले. नोंदवहीत एक आणि अर्जावर भलतंच, हे त्यांच्या नजरेतून सुटतं थोडंच! “मंजूर गोल चौकटीत असतं. ही चौकट लांब आहे. डावीकडे जागा मोकळी का? ना कुठे गेला?”

“झिजला, साहेब,” काका म्हणाले. “तेवीस वर्षं दाबला.”

“मग हाताने लिहायचा!” साहेबांनी खिशातून लाल पेन काढलं आणि त्या मोकळ्या जागेत स्वतःच्या हाताने ‘ना’ लिहिला. अकराव्या दिवशी भिंगरीचं नाव पटावरून गेलं. तिच्या बाकावर रांगेतलं दुसरं मूल बसलं. त्या मुलाचा काय दोष? कारकूनकाकांना मोडक्या बाकांच्या खोलीत बसवलं. मला कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. कपाटावरची चुंबकं मात्र जागच्या जागी राहिली.

पंधराव्या दिवशी भिंगरी शाळेत आली तेव्हा तिला फाटकातूनच परत पाठवलं. ती मोडक्या बाकांच्या खोलीकडे धावली. काकांनी टोपलीतून उचलून मला खिशात ठेवलं होतं. ती रडेल असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, “काका, बाबा तुमच्यापेक्षा चार बोटं उंच आहेत.” मग तिने सांगितलं की बापाने लोखंड मोजायच्या टेपवर तिला अर्धा इंच, पाव इंच, अष्टमांश इंच शिकवला; आता तिला अपूर्णांक येतात, हवं तर विचारा. काकांनी विचारलं. एकही चुकला नाही. त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं आणि तोंड फिरवलं.

तेव्हापासून मी तिच्या दप्तरात आहे. दप्तर खुंटीला टांगलेलं आहे. आई शिवणयंत्रावर बसते आणि पोरगी शेजारी बसून जुन्या वहीतली गणितं पुन्हा सोडवते. सोडवून झालं की पानाखाली मला उमटवते : मंजूर.

मित्रांनो, माझ्या जातीचे म्हातारे शेवटी सांगतात, वस्तू जपा. मी सांगतो, शब्द जपा. त्यातही छोटे. एका अक्षराने एखाद्याचा बाप दूर राहतो.

आणि साहेब, तुमच्याशी अजून संपलेलं नाही. भिंगरीच्या आईने तिला परत शाळेत घ्यावं म्हणून केलेला अर्ज सहा आठवडे तुमच्या टेबलावर पडून आहे. तिने या वेळीही खरंच लिहिलंय. तुमच्याकडे आता नवा शिक्का आहे, त्याची सगळी अक्षरं शाबूत आहेत, लाल पेनही आहे. फक्त आधी एवढं सांगा : जिवंत बापासाठी तुमच्या कागदावर रकाना कोणता?

नियम पाठ आहेत तुम्हाला. मग उत्तर द्या.

द्या ना!