कुसुमताईंचा सैतान

“निघ इथनं. पुन्यांदा दारात दिसलास तर बघ,” असं कुसुमताई गोठ्यातून कडाडल्या, तेव्हा त्यांचे मालक शांतवनराव नेमके गोठ्याच्या दारातच उभे होते. हातात चहाचे दोन कप. मुरलेला संसारी माणूस अशा वेळी कारण विचारत बसत नाही. ते कप घेऊन मुकाट मागे फिरले. मग ताईच पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला नाही, सैतानाला बोलले. शांतवनरावांनी आत डोकावून पाहिलं. गाभण म्हैस रवंथ करत होती आणि शेणाची पाटी भरून ठेवली होती. तिसरं कोणी नव्हतं.

निघोजे गावात आता रान शोधावं लागतं. ज्वारी-बाजरीच्या जागी पत्र्याच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि बैलगाडीच्या वाटेवर कंटेनर रांग लावून उभे असतात. शांतवनरावांचे आजोबा फार वर्षांपूर्वी नगरकडून बायको, एक बैल आणि पवित्र शास्त्र एवढंच घेऊन इथं आले, असं घरात सांगतात. त्यांनी कसलेल्या जमिनीतली बरीचशी कंपन्यांत गेली. उरली ती दोघा भावांनी वाटून घेतली. थोरल्या शांतवनरावांकडे मेथी-कोथिंबिरीचा तुकडा आणि ही म्हैस. धाकटा कंपनीत शिफ्टला जातो. त्याची बायको विजयश्री, म्हणजे कुसुमताईंची धाकटी जाऊ. दोन्ही घरांच्या मध्ये एक गंजलेला पत्रा आहे आणि त्या पत्र्याहून भक्कम असा तीन वर्षांचा अबोला.

अबोल्याचं कारण भोपळा. सुगीच्या सणाला चर्चच्या मंडळीतले लोक आपापल्या रानातलं पहिलं पीक देवापुढे आणून ठेवतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी ताईंनी असा भोपळा नेला की दोघांना उचलावा लागला. लोक बघत राहिले. तेवढ्यात विजयश्री बायकांच्या घोळक्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, की असले भोपळे मोशीच्या मार्केटात ढिगानं मिळतात. झालं. आपल्या हातानं पाणी घालून वाढवलेला भोपळा, आणि तो विकत आणून देवाला फसवलं म्हणून मंडळीत बोभाटा. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत आणि त्यानंतर जावेशी बोलल्या नाहीत. रविवारी एकाच चटईवर एक या टोकाला बसते, दुसरी त्या टोकाला.

आता सैतान यात कुठून आला, ते सांगतो. मंडळीला नवीन पाळक मिळाले, धनेश नावाचे. तरुण माणूस, मोटारसायकलवर येतो, प्रवचन थोडक्यात आटोपतो, त्यामुळे सगळ्यांचा लाडका. त्यांनी सांगितलं, की प्रभू आजही बोलतो, आपणच ऐकत नाही. रोज सकाळी थोडा वेळ गप्प बसा, काय ऐकू येतं ते बघा, आणि रविवारी सगळ्यांसमोर उठून त्याची साक्ष द्या. पुढच्या रविवारी ज्योतीराम फिटर उठला. त्याला मशीनवर काम करताना देवानं तंबाखू सोड म्हणून सांगितलं होतं. त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं उठली. आणि मग डोक्यावर पदर घेऊन विजयश्री उठली. म्हणाली, माझ्याशी प्रभू रोज सकाळी बोलतो, तुम्ही-आम्ही बोलतो तसा.

ताईंनी ते वाक्य घरापर्यंत मनात घोळवत नेलं. त्यात जळफळाट होताच, नाही कशाला म्हणा. पण त्याखाली भीती होती आणि ती खरी होती. लहानपणी बाप्तिस्मा झाला, निम्मी गायनं तोंडपाठ, तापानं फणफणत असतानासुद्धा उपासना चुकवली नाही. आणि देव बोलतो कुणाशी, तर विजीशी. मग आपण त्याच्या खिजगणतीत तरी आहोत का? रात्री त्यांनी नवऱ्याला तेवढंच विचारलं, “अवं, त्यो मला वळखत तरी आसंल का?” शांतवनरावांनी बायकोच्या अंगावर नीट पांघरूण घातलं.

दुसऱ्या दिवसापासून ताई शेवग्याखाली पाट टाकून बसू लागल्या. डोळे मिटले की पलीकडच्या कंपनीतला पत्रे दाबायचा प्रेस धाडधाड सुरू व्हायचा. तो थांबला की कंटेनरवाला हॉर्न दाबायचा, मग भंगारवाल्याचा भोंगा. शांतवनराव म्हणाले, की या गावात बोलायचं तर देवालाही हॉर्न घ्यावा लागेल. ताईंनी त्यांना मेथी खुडायला पाठवून दिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

आणि आलं. कानात नव्हे. मनात एक गोष्ट येऊन बसली, पाहुणा येऊन ओट्यावर बसावा तशी, आवाज न करता: विजीकडे जा.

ताईंनी डोळे उघडले. देवाची वाट बघत बसलं की सैतान आधी येतो हे त्यांना ठाऊक होतं, पण इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. हा त्याचाच डाव. जिनं चारचौघांत पाणउतारा केला, तिच्या दारात आपण जायचं, म्हणजे सैतानाला टाळ्या पिटायला मोकळीक. त्यांनी त्याला तिथल्या तिथं झिडकारलं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मेथी खुडताना आला, भांडी घासताना आला. दरडावत नव्हता, घाई करत नव्हता, तेवढं एकच सांगायचा आणि गप्प राहायचा. ताई मोठमोठ्यानं गायनं म्हणायला लागल्या. म्हैस दचकायला लागली. गोठ्यातली ती आरडाओरड झाली ती याच झटापटीत.

अशातच म्हैस व्याली. रेडी झाली, चीक भरपूर निघाला. ताईंनी गूळ-वेलदोडा घालून खरवस लावला आणि आळीत घरोघर वाटला. भाडेकरूंना दिला, एरवी दूध न्यायला येणाऱ्या शमीमला डबा भरून दिला. पत्र्यापलीकडचं घर तेवढं वगळलं. संध्याकाळी स्वतः एक वडी तोंडात टाकली तर घशाखाली उतरेना. मनातला पाहुणा तिथंच बसून होता. आता त्याचं म्हणणं जरा वाढलं होतं: विजीला खरवस दे.

ताईंनी हात टेकले आणि नवऱ्याकरवी पाळकसाहेबांना फोन लावला.

धनेश दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. ताईंनी त्यांना खुर्ची दिली, पुढ्यात खरवसाची ताटली ठेवली आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की देवाचा आवाज राहिला बाजूला, मला सैतानानंच धरलंय, जोरदार प्रार्थना करा. पाळकांनी वडी हातातच धरली. चेहरा गंभीर केला आणि तो काय सांगतो असं विचारलं. ताई आधी सांगेनात. मग खाली बघत म्हणाल्या, की विजीकडे जा म्हणतो, खरवस दे म्हणतो, सारखा, दिवसभर.

शांतवनराव गोठ्याशी रेडीला पुसत बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. “कुसुम,” ते म्हणाले, “सैतानाला काय पडलीया जावंला खरवस खाऊ घालायची?”

पाळकांनी वडी तोंडात घातली. बहुधा हसू दाबायला त्यांना दुसरं काही सापडलं नसावं. ताई मात्र खुर्चीच्या पायाला धरून जमिनीवरच बसल्या. इतके दिवस आपण कुणाला हाकलत होतो, ते त्यांच्या ध्यानात यायला लागलं. शेणानं भरलेला हात उगारून, निघ इथनं म्हणून. लाजेनं त्यांचे कान तापले, आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. तो आपल्याला ओळखत होता. रोज येत होता. इतकं बोलून घेतलं तरी रागावून गेला नव्हता.

“पण पाळकसाहेब,” त्या शेवटचा आसरा शोधत म्हणाल्या, “आपल्याला नगं असंल, तेच द्येव सांगतो व्हय?”

“नेहमीच नाही, ताई,” धनेश म्हणाले. “पण मला स्वतःला हवं तेच तो सांगायला लागला, की मी जरा जपून राहतो.”

त्यांनी छोटीशी प्रार्थना केली आणि निघताना म्हणाले, की त्याचा आवाज एकदा ओळखता आला की माणसाला सुख लागतं. त्यांची मोटारसायकल वळणाआड गेली तरी ताई उभ्याच होत्या. चीक काही रोज निघत नाही. उद्या-परवा साधं दूध सुरू होणार, मग जायला निमित्त उरणार नाही. त्यांनी ताटली भरली, फडक्यानं झाकली आणि पत्र्याला वळसा घालून निघाल्या. पाय तीनदा अडखळले. तिथं ठेच लागण्यासारखं काहीही नव्हतं.

विजयश्रीनं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. ताई वाटेत जुळवलेलं सगळं विसरल्या. “खरवस हाय. घ्यायचा तर घे,” एवढंच निघालं.

विजयश्रीनं ताटली घेतली. उंबऱ्यावरच बसली, एक वडी मोडली, खाल्ली. म्हणाली, “आक्का, गूळ जरा जास्त पडलाय.”

ताईंच्या डोक्यात सणक गेली. ताटली हिसकावून घ्यायला हात पुढे गेलाही होता. पण मनात तोच पाहुणा म्हणाला, बस. आता ओळख पटली होती, पंचाईत झाली. ताई उंबऱ्याच्या दुसऱ्या कडेला बसल्या.

मग विजयश्री बोलायला लागली, आणि सुरुवात तिनं भोपळ्यापासूनच केली. “तुमचाच हुता त्यो. मला ठावं हुतं. पत्र्यावरनं रोज बघत हुते मी त्याला. माझा येल जळून गेला हुता, आक्का, म्हणून बोलले. तोंडातनं गेलं, आन मग परत घ्यायची लाज वाटली.”

ताईंना त्या वर्षीचा पलीकडचा वाळका वेल आठवला. तो पाहून आपल्याला बरं वाटलं होतं, हेही आठवलं.

“आन ती साक्ष,” विजयश्री खाली मान घालून म्हणाली. “मला कुठला आलाय आवाज? समदे उठत हुते, मी बसून ऱ्हायले तर लोक काय म्हंतील, म्हणून उठले. तवापासनं रोज रडत हुते. द्येवाला म्हणलं, म्या खोटं बोलले, आता तूच कायतरी बोल. एकदा तरी बोल.” तिनं डोळे पुसले. “आत्ता दार उघडलं, तर तुमी.”

ताईंनी जावेचा गुळानं चिकट झालेला हात धरला. मग ताई हळूच म्हणाल्या, “मला त्यो सैतान वाटला हुता गं.” आणि गोठ्यापासूनची सगळी हकीकत सांगितली. विजयश्री आधी गालात हसली, मग तोंडाला पदर लावून हसली, मग तिला ठसका लागला. ताईही हसायला लागल्या. पत्र्याच्या अलीकडे शांतवनरावांना नुसता गलका ऐकू आला. त्यांना वाटलं जुंपली. सोडवायला जावं की न जावं या विचारात चुलीवरचा चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पुन्हा शेवग्याखाली बसल्या. प्रेस धाडधाडत होता, हॉर्न वाजत होते, पण आता त्यांची अडचण होत नव्हती. ताईंनी देवाचे आभार मानले आणि सुखानं डोळे मिटले. लगेच आलं. पाहुणा बसला आणि म्हणाला: सोपानरावांकडे जा.

सोपानराव म्हणजे वरच्या अंगाचे शेतकरी. गेल्या महिन्यात त्यांच्या शेळ्या ताईंच्या मेथीत शिरल्या होत्या आणि ताईंनी आळी गोळा करून त्यांच्या सात पिढ्या काढल्या होत्या. त्यातल्या निम्म्या गोष्टी रागाच्या भरात रचलेल्या होत्या.

ताई बराच वेळ डोळे घट्ट मिटून बसल्या, दुसरं काही ऐकू येतंय का बघत. सैतान म्हणायलाही तोंड उघडून पाहिलं, शब्द फुटेना. माणसाला सुख लागतं, असं पाळकसाहेब म्हणाले होते. ते अजून तरुण आहेत.

“द्येवा, आठवड्याला एकच,” ताई पुटपुटल्या.

उत्तर आलं नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं. ताई उठल्या, पाट भिंतीला उभा केला, चपला घातल्या. चहा घेऊन आलेल्या शांतवनरावांनी विचारलं, आता कुठं निघालीस सकाळी सकाळी?

“जिकडं धाडलंय तिकडं,” ताई म्हणाल्या, आणि चरफडत का होईना, वरच्या अंगाची वाट चालू लागल्या.