दाराआडची खारूताई

पाळणाघरातल्या त्या चार वर्षांच्या पोरीचं खारूताई हे नाव तिथे मुलं सांभाळणाऱ्या मावशीनेच ठेवलं होतं, कारण खाऊ गालात दाबून ठेवायची तिला सवय. बाकीची मुलं गोंगाटाने घर डोक्यावर घेत. ही मात्र दार वाजलं की आधी कोण आलंय ते बघायची आणि मगच श्वास सोडायची.

त्या दुपारी तिच्या अंगावर दूध सांडलं. झगा बदलताना मावशीचा हात जागीच थबकला. दोन्ही दंडांवर बोटांचे काळेनिळे वळ होते. जुने पिवळे पडलेले, त्यांवर नवे.

"काय झालं गं इथे?"

"बाबांनी केलं. कुणाला सांगू नको हं. शप्पथ घे."

'नाही सांगत' हे शब्द मावशीच्या अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले. "शपथ नाही घेता येणार, बाळा. तुला कुणी मारू नये म्हणून मला सांगावंच लागेल."

खारूताईने डोळे गच्च मिटून घेतले.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. "अगं, मोठी माणसं आहेत ती. राईचा पर्वत नको करूस. मी वडिलांशीच बोलते."

"चोराच्याच हाती किल्ल्या द्यायच्या, बाई? कळवणं कायद्याने बंधनकारक आहे आपल्याला."

"ते मी बघेन. तू पोरं सांभाळ."

मावशीने बाहेर येऊन स्वतःच बालसंरक्षण कार्यालयात फोन लावला. "निघालोच," पलीकडची अधिकारी म्हणाली. "तोवर मुलीला कुणाच्याही ताब्यात देऊ नका." काचेपलीकडे बाईही फोनवर बोलत होत्या.

वडीलच आधी पोचले. कडक इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर. "कुठंय आमची राणी?"

मावशी झोपायच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "आत आहे. अधिकारी येईपर्यंत सोडता येणार नाही."

ते ओरडले नाहीत. मुलांची बुटकी खुर्ची ओढून, गुडघे छातीशी घेऊन बसले. एरवी हसू आलं असतं. पण एकेक मूल खेळणं टाकून भिंतीशी सरकलं.

"थांबतो की. मावशी, तुमची लेक संध्याकाळी बसनेच येते ना? एकटीच?"

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. पण तिने दार सोडलं नाही.

शेवटी अधिकारी आली, सोबत महिला पोलीस. ते हसतच उठले. अधिकाऱ्यांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

खारूताईला डॉक्टरकडे आणि तिथून आजीकडे नेलं. जाताना तिने मावशीकडे वळूनही पाहिलं नाही. वडिलांच्या धमकीबद्दलही मावशीने पोलिसांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, चौकशी सुरू केली. अटक झालेले वडील मात्र जामिनावर सुटले.

तेव्हापासून मावशी रोज बस थांब्यावर जाऊन उभी राहते. "आई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" लेक वैतागते.

"नाहीस गं," मावशी म्हणते, तिचा हात धरते आणि चालता चालता मागे वळून बघते.