पाहुण्यासाठी सारवलेलं अंगण

जनीने तुळशीच्या पानावरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. बोटाला काहीच लागलं नव्हतं.

कालपर्यंत पोशीरमधल्या पानापानावर राख होती. पलीकडच्या कोळशाच्या वीजघरातून ती रोज दुपारी यायची. वाळवणावर, पाण्यावर, आईच्या छातीत. धुराड्यावर राख अडवणारं यंत्र बसवा, असा अर्ज नववीतल्या जनीनेच ऐटीत लिहिला होता. कर्जतच्या सभेत त्यावरून दोन तट पडले. एक पुढारी म्हणाला, धुराने होणाऱ्या नुकसानीची किंमतही विजेच्या दरात धरा. दुसरा म्हणाला, धूर मोजत बसलात तर गावात दिवा कधी लागायचा? शेवटी ठरलं, सरकारी तपासणीच्या साहेबांनी गावात येऊन राख बघायची. दिसली तर यंत्र, नाहीतर अर्ज निकालात.

साहेब दारात येणार, हे जनीनेच घरोघर नाचत सांगितलं होतं. मग काय, पहाटेपासून गावभर अंगणं सारवली गेली, ओट्या पुसल्या गेल्या, तुळशींच्या आंघोळी झाल्या.

"आये, पानं कशाला गं धुतलीस?"

"मंग? घानीत बसवू सायबाला?" इंदूबाई खोकत खोकत हसली.

सकाळीच जीप आली. साहेबांनी ओटीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, निरखलं, रुमालाला पुसलं. जनीने त्यांना शेतावर नेलं. तिथे राख होती, ढीगभर.

"ही तर तुमच्या राबाची," साहेब शांतपणे म्हणाले. "रोपांसाठी तुम्हीच भाजलेली जमीन."

राब तर दरसाल भाजतातच.

दुपारपर्यंत थांबा, वारा फिरला की बघाल, असं जनीने विनवलं. पण त्यांना कशेळ्याला बैठक होती. ओटीवर परतून चहा घेता घेता ते लिहू लागले. इंदूबाईला उबळ आली तशी ती पदराचा बोळा तोंडात कोंबून मागच्या दारी गेली. पाहुण्यासमोर कसं खोकायचं?

जनीने उलट्या बाजूने कागद वाचला. राख आढळली नाही.

जीप गेली. जेवणवेळेला वारा फिरला. साहेबांच्या बशीत उरलेल्या चहावर करडी साय धरली. जनी त्या सायीकडे बघत बसून राहिली.

"काय लिवलं गं सायबानं?" इंदूबाईने बाहेर येत विचारलं. तिचे डोळे अजून लाल होते.

जनीने बशी ओंजळीने झाकली.

"लिवलंय, गाव लय सवच्छ हाय."

इंदूबाईचा चेहरा उजळला. तुळशीपाशी जाऊन ती पदराने एकेक पान पुसू लागली.