न झाडलेला वर्ग

शाळेची झाडूवाली मावशी चौथीच्या वर्गात शिरताना आधी वर बघायची, मग खाली. बाकांवर रोज छताचे पोपडे पडलेले असायचे. महिन्यापूर्वी सुपारीएवढे, आता मुठीएवढे. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, घंटेच्या आत सगळं लख्ख झालं पाहिजे, पालकांच्या नजरेस काही पडता कामा नये, आणि तोंड उघडलंस तर दुसऱ्या बाया रांगेत उभ्या आहेत. मावशी रोजंदारीवरची. जीव मुठीत धरून झाडायची. तिसऱ्या बाकावर तिचीच नात बसायची!

एका सकाळी मावशीचा विसरलेला डबा द्यायला तिचा थोरला भाऊ आला. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. त्याने बांबूने छत ठोकलं. आवाज पोकळ आला.

"किती दिवस झाडतेस हे?"

"पोरांना खडे टोचू नयेत म्हणून झाडते रे, दादा."

"पोरांना नाही वाचवत तू. छताला लपवतेस. आतली सळई गंजलीय. आज खडे, उद्या अख्खं छत."

"काम गेलं तर खायचं काय?"

"खायला आधी नात जगली पाहिजे ना?"

दुसऱ्या दिवशी विटेएवढा तुकडा नेमका तिसऱ्या बाकावर! फळी दुभंगलेली. मावशीने झाडू उचलला आणि तसाच खाली ठेवला. ती दारात आडवी बसली. मुलांना सोडायला आलेल्या आयांना ती एवढंच म्हणाली, की मुलं बाहेर ठेवा आणि दारातून डोकावून बघा.

मुख्याध्यापक धावत आले. "झाडलं का नाही?"

"झाडत होते म्हणूनच कुणाला दिसलं नाही, सर."

त्याच दिवशी वर्ग अंगणात भरला. रोज दहा पालक पाळीपाळीने शिक्षण कचेरीत जाऊन बसू लागले. चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनीही मान खाली घालून कपाटातली पत्रं काढून दिली. छताबद्दल कचेरीला लिहिलेली, पण पाठवायची छाती न झालेली. मग छताला खालून टेकू दिले गेले, आणि पुढे ते नव्याने बांधलं गेलं. मावशीला काढायची भाषा झाली, तेव्हा सगळ्या आया फाटकात उभ्या राहिल्या. ती भाषा तिथेच विरली.

मावशी अजूनही आधी वर बघूनच झाडते. भीती अशी झटकन जात नाही.

बाबांनो, आपल्या मुलांची शाळा चकचकीत दिसत असेल, तर कोण कशाच्या भीतीने झाडतंय ते विचारा. सरकारी शाळा आपलीच आहे. एकटीच्या माथ्यावरचं भय सगळ्यांनी वाटून घ्या, नाहीतर छत पोरांच्या माथ्यावर येईल!